डावी वहाण

आडपईच्या बांधावर आम्ही दर साली ठेवतो
एक रोट, सुऱ्याची बाटली, विड्यांचं बंडल
आणि वहाणांचा जोड.
जोड माझ्या हातचा. आधी सासऱ्याच्या हातचा असे.
नव्या ठेवायच्या, गेल्या सालच्या उचलून
जुवारीत सोडायच्या.
झिजल्या कशा, ते विचारायचं नाही.

देवचाराचं पाऊल सव्वा हात.
दोन्ही टाचा सारख्या झिजतात,
घाई नसलेल्या माणसाच्या झिजाव्यात तशा.

पुर्सो घाडी लंगडायचा.
लहानपणी मानशीच्या दारात पाय सापडला होता, डावा.
बांधावरून कुणीतरी काठी आपटत आलं
आणि एका हातानं दार उचललं,
असं त्याची आई सांगे.
आई हात जोडून सांगे.
पुर्सो ऐकताना हाताच्या मुठी करी.

खोटं का बोलू, हातात गुण होता त्याच्या.
मिठाच्या एका खड्यावर फुरशाचं विष उतरवी;
माझ्या झिलग्याचं उतरवलं.
होडी उलटली तेव्हा त्यानं नदीत पणती सोडली,
ती उलट्या ओढीला गेली आणि थांबली,
तिथंच पोर मिळालं, खोकणारं.
एवढ्यावर थांबता, तर गावानं त्याच्या नावे नारळ ठेवला असता.

पण त्याला भरती हवी होती.

कुठून एक वही आणली त्यानं.
अर्धी मोडीत, पुढची थरथरत्या हाताची, शेवटचं पान कोरं.
पाणी वळताना तेवढं पान आपोआप भिजायचं
आणि भिजलं की वाचता यायचं.
पहिल्या ओळीला त्याच्या जिभेवरचं मीठ गेलं.
हुमण अळणी म्हणून ताट सारलं.
दुसऱ्या ओळीला लेकीचं नाव गेलं.
तो तिला नुसतं 'पोरी' म्हणू लागला.
आम्हाला वाटलं, लाडानं.

तिसऱ्या ओळीसाठी तो माझ्या दारात आला.
झिजलेला जोड दे, म्हणाला, पाण्यात सोडू नकोस.
मी झिलग्याकडे पाहिलं. तो अंगणात भोवरा फिरवत होता.
'डाव्या टाचेला तीन पदर लाव. लंगडा दिसायला नको.'
लावले.
दीडशे रुपये दिले त्यानं. मी घेतले.

अवसेच्या उधाणाला भरती आली
आणि मानशीपाशी उभी राहिली. मी पाहिली.
माणसाच्या खांद्याएवढी, काचेसारखी,
आत काळुंदरं जागच्या जागी, डोळे उघडे.
पुर्सो बांधावर सरळ चालत होता,
जन्मात पहिल्यांदा सरळ, आणि हसत होता.
दहा पावलं. वीस.
मग घराकडे वळायला गेला
आणि वहाणा वळेनात.

सकाळी कोरगुटाचं एक ताट मोडलेलं नव्हतं.
पाणी आपल्या वेळेला आलं, आपल्या वेळेला गेलं.
कुणी म्हणालं, कारवारला पळाला.
कुणी म्हणालं, कर्ज होतं.
वही मानशीच्या कठड्यावर सापडली,
पानन् पान कोरं.

यंदा मी जुना जोड उचलला.
उजवी टाच सारखी झिजलेली.
डावी आतल्या अंगानं, खोल.
सव्वा हाताच्या कातड्यात मधोमध
एका साध्या पावलाचा ठसा,
बोटं आवळलेली.

देवचार कुठं गेला, मला ठाऊक नाही.
कदाचित बसला असेल कठड्यावर
विडी ओढत, अनवाणी,
किती पिढ्यांनी.

सुरंगी, त्याची लेक, रोज तिन्हीसांजेला बांधावर जाते
आणि स्वतःच्याच नावानं हाका मारते.
सुरंगी! सुरंगी गो!
लांब कुठं काठीचा ठोका चालू असतो.
तो कधी थांबतो, कधी नाही.

कातडं महागलंय. माप मी बदललंय, कुणाला न सांगता.
नव्या जोडाच्या डाव्या टाचेला
चार पदर.